अवांतर पोस्टचं करायचं काय?

ग्रुप चालवणाऱ्यांची पत्रं या वेळी इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. दुखणं बहुतेकांचं एकच. मराठी संकेतस्थळांवर ज्याला वर्षानुवर्षं 'अवांतर' म्हणतात, ते प्रश्नोत्तरांच्या ग्रुपात येऊन पडतं आणि कामाचे प्रश्न त्याखाली गाडले जातात. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

प्रश्न : टेलिग्रामवर आमचा बाल्कनीतल्या बागेचा प्रश्नोत्तरांचा ग्रुप आहे, दीड हजार सभासद. आधी कढीपत्ता का वाळतो, मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, एवढंच चालायचं. आता कुत्र्याच्या गोचिडी, कबुतरांची जाळी, माळ्याचा नंबर, जुन्या कुंड्या विकणे आहे, सगळंच येतं. टोकलं की उत्तर तयार असतं, 'बागेशी संबंधित आहे ना!' रेघ ओढायची कुठे? (मुलुंड)

उत्तर : 'संबंधित आहे का' हा वादच सोडून द्या. संबंध लावायचा म्हटलं तर कशाचाही कशाशी लागतो आणि त्या वादात अ‍ॅडमिनच हरतो. आलेल्या प्रश्नाला दोन गोष्टी लावून बघा. आपल्याकडचे जाणकार याचं उत्तर स्वतःच्या अनुभवावरून देऊ शकतात का? आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी शोधलं तर ते उत्तर त्याच्या कामी येईल का? दोन्हीला 'हो' आलं तर प्रश्न आत, नाहीतर बाहेर.

कबुतरांचंच घ्या. 'कबुतरं कोथिंबिरीची कोवळी रोपं उपटतात. ऊन न अडवणारी कुठली जाळी कुंडीवर टाकू?' हा बागेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मेथी पेरणाऱ्यालाही उपयोगी पडेल. 'मुलुंड पश्चिमेला खिडकीला जाळी बसवणारा कोण आहे?' या प्रश्नाचं उत्तर मात्र एक फोन नंबर आहे. तो नंबर उद्या बदलेल आणि पुढच्या आठवड्यात भांडुपचा माणूस तोच प्रश्न आपल्या भागासाठी पुन्हा टाकेल. जाळी तीच आणि कबुतरंही तीच, फक्त विचारणं वेगळं. म्हणून विषयांची यादी करून हद्द ठरत नाही, प्रश्नांचे नमुने समोर ठेवले की ठरते.

नमुने काढायची रीत सोपी आहे. मागचे २०० प्रश्न घ्या. दोन अ‍ॅडमिननी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, प्रत्येक प्रश्न तीन खणांपैकी एकात टाकायचा : आत, बाहेर, सांगता येत नाही. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जुळलं त्यावर वेळ घालवू नका. जिथे जुळलं नाही, तिथेच तुमची हद्द धूसर आहे, आणि ग्रुपातली भांडणंही त्याच जागी होत असणार. त्या प्रश्नांवर बोलून निर्णय करा आणि नियमात पाच आतले, पाच बाहेरचे प्रश्न जसेच्या तसे लिहा. बाहेरच्या प्रत्येकापुढे तो कुठे विचारायचा हेही हवं. 'इथे नाही' एवढंच ऐकलेला माणूस तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा टाकतो.

लिहिताना जागेचं भान ठेवा. टेलिग्रामवर ग्रुपच्या माहितीत जेमतेम २५५ अक्षरं मावतात. तिथे दोनच वाक्यं लिहा, काय विचारावं आणि बाकीचं कुठे न्यावं. नमुने पिन केलेल्या मेसेजमध्ये ठेवा, तिथे एका मेसेजला ४,०९६ अक्षरांची मुभा आहे. टेलिग्रामच्या ग्रुपात 'टॉपिक' नावाचे कप्पे करता येतात, ते करा, पण तीनच : प्रश्न, देणं-घेणं आणि गप्पा. हौसेनं फुलझाडं, भाज्या, खतं, किडी असे पंधरा कप्पे केले की मिरचीच्या पानावरच्या किडीचा प्रश्न भाज्यांत टाकायचा की किडींत, याचाच घोळ होतो आणि लोक सगळं 'जनरल'मध्ये टाकून मोकळे होतात. एका कप्प्यातला मेसेज उचलून दुसऱ्यात ठेवायची थेट सोय टेलिग्राममध्ये नाही. फॉरवर्ड करून मूळ मेसेज काढावा लागतो, आणि मग खालची उत्तरं प्रश्नापासून तुटतात. म्हणून उत्तरं यायच्या आधीच विचारणाऱ्याला 'हा प्रश्न देणं-घेणंमध्ये टाका, मी इथला काढतो' असं सांगणं बरं.

गोचिडीचा प्रश्न मात्र दयेपोटीही ठेवू नका. बागवाल्यांना माहीत असतं ते झाडावरच्या किडीचं औषध. कुणीतरी भाबडेपणानं तेच सांगेल आणि कुत्र्याच्या अंगावर ते फवारलं गेलं तर त्या मुक्या जनावराच्या जिवावर बेतू शकतं. जाणकार नसलेल्या ठिकाणी विचारलेला प्रश्न नुसता जागा अडवत नाही, चुकीचं उत्तरही ओढून आणतो. त्याला पशुवैद्याकडे पाठवा, आणि लगेच पाठवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लिफ्ट, पाणी, पार्किंग यांच्या प्रश्नांसाठी आहे. चौथ्या मजल्यावरचे एक काका रोज पहाटे फुलांचं चित्र आणि सुविचार टाकतात. त्यांचं बघून आणखी सातआठ जण. परवा एका बाईंनी विचारलं, 'टाकी धुणार त्या दिवशी पाणी किती वाजता जाणार?' तो प्रश्न वर निघून गेला, कुणी पाहिलाच नाही. काकांचे मेसेज मी डिलीट केले तर ते महिनाभर बोलले नाहीत. (गिरगाव)

उत्तर : काका रागावले ते साहजिक आहे. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्या जागी 'हा मेसेज अमुक अ‍ॅडमिनने डिलीट केला' अशी ओळ सगळ्यांना दिसत राहते. म्हणजे सुविचार गेला आणि अख्ख्या सोसायटीसमोर त्यांना टोकल्याची खूण राहिली. शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत जे आपण तोंडावर बोलणार नाही ते या बटणाने करू नये. हे बटण शिवीगाळ, फसवणुकीच्या लिंक आणि दुसऱ्याचे खासगी कागद यांच्यासाठी राखून ठेवा.

आधी मेसेजला जायला जागा करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'कम्युनिटी'त एका छत्राखाली वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात. तुम्हाला तीन पुरतील. सूचनांचा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात. प्रश्नांचा, ज्यात सगळे लिहितात. आणि 'गप्पा-शुभेच्छा'. तिसरा ग्रुप मनापासून चालवा, सणाला अ‍ॅडमिनने तिथेच आधी शुभेच्छा द्यायच्या. नाहीतर तो अडगळीची खोली होतो आणि लोकांना ते बरोबर कळतं.

मग काकांकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच, वर जाऊन भेटा. 'काका, तुमचा सकाळचा मेसेज गप्पांच्या ग्रुपात टाकाल का? प्रश्नांच्या ग्रुपात परवा टाकीचा निरोप दिसलाच नाही कुणाला. दाखवू का कसं करायचं?' एवढं पुरतं. आता त्यांच्या फोनकडे बघा. सकाळचे मेसेज सहसा लिहिले जात नाहीत, फॉरवर्ड होतात, आणि फॉरवर्ड करताना नेहमीची आणि अलीकडची नावं यादीत आधी येतात. काका वर दिसतील त्या चौकोनांवर टिक करत जातात, ग्रुपचं नाव वाचतही नाहीत. म्हणून त्यांच्या चॅटच्या यादीत 'गप्पा-शुभेच्छा' पिन करून द्या, ग्रुपला फुलाचं चित्र लावा आणि प्रश्नांच्या ग्रुपला पाण्याच्या टाकीचं. अक्षर बारीक दिसत असलं तरी चित्र ओळखू येतं. चारसहा दिवस त्यांनी गप्पांच्या ग्रुपात पाठवलं की फोनच ते नाव वर आणायला लागतो. बाकीचे सातआठ जण काकांच्या मागोमाग जातात, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

बाईंचा टाकीचा प्रश्न दिसलाच नाही, ही या पत्रातली खरी तक्रार. ग्रुपमध्ये मेसेज पिन करता येतो, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, आणि एका वेळी तीन. उत्तर न आलेला प्रश्न २४ तासांसाठी पिन करायचा, उत्तर आलं की काढायचा, हे काम एका अ‍ॅडमिनकडे द्या. उत्तर देणाऱ्यांना त्या प्रश्नालाच रिप्लाय करायची सवय लावा. सुटं 'हो, अकरा वाजता' पुढच्या महिन्यात शोधणाऱ्याला कळत नाही कशाचे अकरा. आणि एक गोष्ट ग्रुपवर सोपवू नका : सर्वसाधारण सभेची नोटीस सोसायटीच्या उपविधींत (लेखी नियमांत) सांगितलेल्या रीतीनेच गेली पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ही फक्त आठवण.

प्रश्न : नियम पिन केलेत, कुणी वाचत नाही. (विलेपार्ले)

उत्तर : वाचणारही नाहीत. नियम माणूस वाचतो तो त्याला लागू झाला की. त्यामुळे नियमाचा तेवढाच तुकडा त्या क्षणी त्याच्यासमोर यायला हवा. चारपाच तयार उत्तरं फोनच्या कीबोर्डमधल्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. 'अव१' टाइप केलं की 'हा प्रश्न या ग्रुपच्या कक्षेत येत नाही, तो अमुक ठिकाणी विचारा' हे वाक्य पूर्ण येतं. अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. वाक्य तयार असेल तर अ‍ॅडमिन चिडून लिहीत नाही, हा त्याचा मोठा फायदा. त्यात एक मोकळी जागा ठेवा आणि तिथे दर वेळी विचारणाऱ्याच्या प्रश्नातला एखादा शब्द घाला, म्हणजे यंत्राने फेकल्यासारखं वाटत नाही. तुमचा ग्रुप फेसबुकवर असेल तर प्रवेशाच्या वेळी तीन प्रश्न विचारता येतात. त्यातला एक हाच ठेवा : 'खालीलपैकी कोणता प्रश्न इथे चालणार नाही?'

प्रश्न : आम्ही राज्यसेवेच्या अभ्यासाचा टेलिग्राम ग्रुप चालवतो. खोली मिळेल का, मेस कुठली चांगली, पुण्याला जाऊ का, निकाल कधी, नैराश्य आलंय, यांतच खरे प्रश्न बुडतात. लगेच काढलं तर मुलं चिडतात, ठेवलं तर वीस जण उत्तरं देतात आणि मग काढवत नाही. नक्की कधी आणि कसं काढावं? (दादर)

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. पोस्ट एकटी असते तोवर ती एका माणसाची असते. वीस उत्तरं आली की ती एकवीस जणांची होते. पोस्ट आल्यावर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. तेवढ्यात कुणी हाताळली नाही तर काढायचा विचार सोडा आणि ती थांबवा.

काढणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे फारसं पाळलं जात नाही. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची जागा म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर हा भेद पहिल्यापासून आहे. कक्षेबाहेरचा प्रश्न तिथे आधी 'बंद' होतो. म्हणजे नवी उत्तरं थांबतात, प्रश्न दिसत राहतो, विचारणाऱ्याला तो दुरुस्त करता येतो आणि मग तो पुन्हा उघडता येतो. साध्या सभासदाचं बंद करायचं मतही एकट्याचं चालत नाही. तिथे चांगल्या प्रश्नोत्तरांना गुण मिळतात, आणि ३,००० गुणांच्या पुढच्या पाच सभासदांची मतं लागायची, पुढे ती तीनवर आणली. २०१३ मध्ये त्यांनी ताज्या बंद प्रश्नावरची पाटीही काही काळ बदलून 'तूर्त थांबवलेला' या अर्थाची केली, कारण 'बंद' म्हटलं की नवखा माणूस दुरुस्तीचा विचार न करता निघून जातो. आपल्या छोट्या ग्रुपालाही हे जमतं. टॉपिक बंद करता येतो, मग त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. टॉपिक नसतील तर पोस्टला रिप्लाय करून 'हा प्रश्न थांबवला आहे, कारण अमुक. असा बदलून टाकलात तर लगेच घेऊ' एवढं लिहायचं.

'असा बदलून' हे महत्त्वाचं, आणि त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. 'सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेतल्या पात्रतेच्या पेपरात) नेहमी अडकतो, काही होणार नाही माझं' ही पोस्ट जशीच्या तशी ठेवली तर 'धीर सोडू नकोस' असे चाळीस मेसेज येतात आणि मुलगा होता तिथेच राहतो. त्याला खासगीत लिहा : 'पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा. पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. तुझे किती येतात, उताऱ्यांना किती वेळ जातो, किती चुकतात, हे घालून विचार.' तासाभरात तोच मुलगा 'उतारे आधी घेतले की गणिताला वेळ उरत नाही, क्रम कसा लावू?' असं विचारतो आणि त्याला खरी उत्तरं मिळतात. पण बोलण्यात हताशपणा खोल दिसला तर कक्षा वगैरे बाजूला ठेवा. पोस्ट थांबवू नका, त्याला थेट फोन करा आणि जवळच्या माणसापर्यंत पोहोचवा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. हा क्रमांक सगळ्या अ‍ॅडमिनच्या फोनमध्ये हवाच.

खोली आणि मेससाठी वेगळा कप्पा करा, पण तिथेही भाग, भाडं, अनामत, खोलीत किती जण आणि कधीपासून, एवढं लिहिल्याशिवाय पोस्ट घेऊ नका. बिघडलेला प्रश्न उचलून दुसरीकडे टाकणं म्हणजे आपला केर शेजारच्या दारात ढकलणं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या भावंड-संकेतस्थळांतही प्रश्न हलवताना हेच सांगितलं जातं की तिकडे चांगला ठरेल असाच प्रश्न पाठवा, आणि ६० दिवसांहून जुना प्रश्न तर हलवताच येत नाही. 'निकाल कधी' याला एकच पिन : आयोगाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि 'तारीख जाहीर झाली की इथे लिहू'. बाकी अंदाज काढून टाका, बिनदिक्कत. अंदाजाने मुलांची रात्रीची झोप जाते.

निकालाच्या दिवशी 'स्लो मोड' लावा, म्हणजे एक मेसेज टाकल्यावर पुढचा टाकायला प्रत्येकाला ठरावीक वेळ थांबावं लागतं. टेलिग्राममध्ये काही सेकंदांपासून १ तासापर्यंत पायऱ्या आहेत. त्या दिवशी ५ मिनिटं ठेवा, एरवी काहीच नको. इथे एक चूक हटकून होते. स्लो मोड उत्तर देणाऱ्यालाही लागतो. जो मुलगा मनापासून तीन मेसेजमध्ये उत्तर लिहितो तो पहिल्या मेसेजनंतर पाच मिनिटं अडकतो आणि कंटाळून जातो. स्लो मोड अ‍ॅडमिनना लागत नाही, म्हणून नेहमी उत्तरं देणाऱ्या पाचसहा जणांना अ‍ॅडमिन करा आणि त्यांचे मेसेज काढण्याचे, माणसं काढण्याचे अधिकार बंद ठेवा. टेलिग्राममध्ये प्रत्येक अधिकार वेगळा देता येतो.

प्रश्न : मूळ प्रश्न विषयाला धरून असतो, पण खालची चर्चा भरकटते. आणि कधीकधी भरकटलेल्यातच सोन्यासारखं उत्तर असतं. ते कसं वाचवायचं? (माहीम)

उत्तर : जुनी रीत उत्तम आहे. प्रतिसादाच्या सुरुवातीला 'अवांतर :' लिहून एक ओळ टाकायची मुभा द्या. ज्याला वगळायची तो ती डोळ्यांनीच वगळतो. त्या ओळीला एक उत्तर चालेल. त्यावर तिसरा प्रतिसाद आला की ती वेगळी चर्चा झाली, तिचा नवा धागा करा. नवा धागा अ‍ॅडमिनने सुरू करू नये, ज्याने चांगलं उत्तर दिलं त्यालाच सुरू करायला सांगावं. 'तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे, इथे हरवेल, वेगळं टाकाल का?' असं विचारलं की तो आणखी नीट लिहितो. त्याचं लिखाण परस्पर उचलून दुसरीकडे ठेवलं तर ज्याचं श्रेय त्याला राहत नाही आणि पुढच्या वेळी तो लिहीत नाही. जुन्या धाग्यात मात्र नव्या धाग्याची लिंक द्या.

प्रश्न : आमच्या ग्रुपात चर्चा आहे की अ‍ॅडमिन आपल्या ओळखीच्यांच्या पोस्ट ठेवतात आणि नव्यांच्या काढतात. मी स्वतः अ‍ॅडमिन आहे, आम्ही मुद्दाम असं करत नाही. (बोरिवली)

उत्तर : मुद्दाम करत नसाल, तरी होत असेल. ओळखीच्या माणसाची अवांतर पोस्ट आली की आपण म्हणतो, जाऊ दे, एवढी मदत करतो तो. नव्याची आली की नियम आठवतो. हे मनाने कळत नाही, वहीने कळतं. साध्या शीटमध्ये पाच रकाने करा : तारीख, पोस्टची पहिली ओळ, सभासद नवा की जुना, कारण, कुणी काय केलं. काढलेल्याच नाही, तर खटकूनही ठेवलेल्या पोस्टही लिहायच्या. बरेच जण हे विसरतात आणि मग शीट अर्धंच बोलतं. महिन्याने वाचा. टेलिग्राममध्ये अ‍ॅडमिननी काय काय केलं याची नोंद मिळते, पण ४८ तासांपुरतीच, त्यामुळे ती रोजची रोज उतरून घ्यावी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मुळातच नीट नोंद नाही.

शीट हातात आल्यावर दोन गोष्टी पक्क्या करा. ज्या धाग्यात आपण स्वतः उत्तर दिलंय किंवा वाद घातलाय, तिथे निर्णय दुसऱ्या अ‍ॅडमिनने घ्यायचा. आणि तक्रार आली तर ती मूळ निर्णय न घेणाऱ्याने ऐकायची, दोन दिवसांच्या आत, चूक असेल तर पोस्ट परत आणायची आणि ग्रुपात तसं सांगायचं. तक्रारीची चर्चा प्रश्नाच्या धाग्यात होऊ देऊ नका. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखाबद्दलचं बोलणं लेखाच्या चर्चापानावर आणि सगळ्या प्रकल्पाबद्दलचं बोलणं 'चावडी'वर होतं. तुमच्याही ग्रुपाला एक चावडी हवी. लोकांना राग काढायला जागा मिळाली की तो प्रश्नांवर निघत नाही.

प्रश्न : कुणी राजकीय किंवा भडकाऊ पोस्ट टाकली तर अ‍ॅडमिन म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल होतो का? घरचे म्हणतात, अ‍ॅडमिनपद सोड. (घाटकोपर)

उत्तर : १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पोस्ट पडण्याआधी तिच्यातला मजकूर रोखणं अ‍ॅडमिनच्या हातात नसतं, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. पण पडल्यावर काढण्याची सोय त्यानंतर, २०२२ मध्ये आली. म्हणून दिसूनही तशीच ठेवू नका. पद सोडायची गरज नाही, ग्रुपाकडे लक्ष ठेवायची आहे.

अवांतर आणि बेकायदा यांना एकाच नियमात मात्र बसवू नका. निवडणुकीच्या काळात 'कुणाला मत द्याल?' हे तुमच्या ग्रुपात अवांतर आहे, त्याला नेहमीसारखं समजावून सांगा. धमकी, एखाद्या समाजाविरुद्ध चिथावणी, कुणाचा खासगी फोटो, यांना समजावणं वगैरे नाही. तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट काढा, माणसाला काढा, गरज असेल तर पोलिसांना कळवा. खासगी फोटोचा स्क्रीनशॉटही नको, नंबर आणि वेळ लिहून ठेवा. 'बघा कसलं पाठवलंय' म्हणून पुढे पाठवू नका, तो मजकूर पसरवण्यात मग आपलाही हात लागतो. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर त्याच तासात फोन करायला सांगा, पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकिलांना दाखवा.

प्रश्न : मोठा पाऊस पडला की आमच्या पालकांच्या प्रश्नोत्तरांच्या ग्रुपात फक्त पाणी, गाड्या आणि शाळा सुटली का एवढंच येतं. नियमाने हे अवांतर. पण अशा वेळी कुणाला थांबवणार? (परळ)

उत्तर : थांबवू नकाच. त्या दिवशी मुंबईत विषय तोच असतो, आणि शाळेची बस कुठे अडकली हा आईबापांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. नियम न मोडता तो उघडपणे बाजूला ठेवायचा : 'आज रात्री १० पर्यंत पावसाचे निरोप चालतील' असं लिहून पिन करा. वेळ घातलीच पाहिजे. नाहीतर तिसऱ्या दिवशीही लोणावळ्याच्या धबधब्याचे व्हिडिओ येत राहतात.

त्या दिवशी एकच नियम कडक ठेवा. स्वतः पाहिलेलं, जागा आणि वेळ घालून. 'हिंदमाता, ४.२०, गुडघाभर पाणी, बस वळवतायत' हा निरोप कामाचा. 'दादरला सगळं बंद, काळजी घ्या' याने नुसती घबराट होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो आधीच पाच किंवा अधिक हातांतून फॉरवर्ड होत आलेला असतो, तो त्या दिवशी घेऊच नका. त्यात २६ जुलै २००५ चे फोटोही आजचे म्हणून फिरत येतात. भरतीची वेळ सकाळीच पिन करा, कारण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की सखल भागातलं पाणी समुद्रात जायला वाट मिळत नाही. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक त्याच पिनमध्ये हवा. रक्त हवं असल्याचे निरोप अशाच दिवशी वाढतात. रुग्णालय, वॉर्ड, तारीख आणि नातेवाइकाचा नंबर असेल, आणि अ‍ॅडमिनने त्या नंबरवर बोलून घेतलं असेल, तरच ठेवा. गरज भागली की तो मेसेज काढा, नाहीतर रक्त मिळून गेलेल्या घरी महिनोन्‌महिने फोन वाजत राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम राहतं. पिन काढा आणि कालचे 'गाड्या बंद', 'शाळा सुटली' हे मेसेज एकेक करून काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी काढायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, त्यामुळे हे रविवारवर ढकलू नका. पुढच्या जुलैत एखादी आई ग्रुपात 'शाळा' शोधेल, तेव्हा तिच्यासमोर गेल्या वर्षीचं 'शाळा सुटली, मुलं गेटवर आहेत' यायला नको. बस कुठून वळवली, गेटवर कोण थांबलं होतं, कुणाचा फोन लागला, एवढं मात्र एका मेसेजमध्ये लिहून ठेवा. ते तिला लागेल.